चाळीस कंपन्यांची रजिस्टरं

५ नोव्हेंबर २०२४

मामा डाळिंबं आणायला बेळगावला गेले आणि लॅपटॉप घेऊन आले!

डाळिंबं विसरली. टिळकवाडीत कुठल्याशा हॉलमध्ये शेअर बाजारावर फुकट व्याख्यान होतं, सोबत चहा-उपमा. मामा बाहेरचं काही खात नाहीत, त्यामुळे नुसतं व्याख्यानच पोटात गेलं. येताना पिशवीत लॅपटॉप आणि खिशात ट्रेडिंग सॉफ्टवेअरची पावती. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर! लग्नाला बावीस वर्षं झाली, मामा, माझे सासरे, असे हट्टाला पेटलेले मी कधी पाहिले नव्हते.

वीरेंद्र दुकानातून आले, पावती पाहिली आणि म्हणाले, "असू दे की. मन रमंल त्यांचं." नवऱ्याला म्हणायला काय जातंय! चालवणार कोण? मी, क्षमा. का? तर क्षमाचं बीसीए झालंय. त्या बीसीएचा या घराला आजवर झालेला उपयोग म्हणजे गॅसचं बुकिंग.

आणि खरी मजा पुढेच आहे. मामा शेअर घेत नाहीत. जन्मात एकही घेतलेला नाही. तरुणपणी तवंदीच्या डोंगरावर जैन मुनिमहाराजांसमोर नियम घेतलाय — पत्ते नाहीत, सट्टा नाही, शेअर नाही. तो आजवर मोडलेला नाही. मग सॉफ्टवेअर कशाला?

"बघाय," म्हणाले.

६ नोव्हेंबर

'बघाय' म्हणजे काय ते आज कळलं.

माळ्यावरून ट्रंक खाली घेतली. आत रजिस्टरं! एकतीस! १९९४ पासून वर्षाला एक. पेपरातून चाळीस कंपन्यांचे भाव रोज उतरवून ठेवलेत, निळ्या शाईत. मामा सकाळी पेपर घेऊन काहीतरी लिहीत बसतात हे मी लग्न झाल्यापासून बघतेय. मला वाटायचं, जपाची वही असेल.

हे सगळं कशासाठी, तर तीन-पंधरासाठी. तीन-पंधरा हे मामांच्या धाकट्या भावाचं, आण्णाप्पाकाकांचं गणित. शेअर सलग तीन दिवस पडला की चौथ्या दिवशी घ्यायचा, पंधरा दिवस ठेवायचा आणि विकायचा. मामांना नियम होता, ते लांब राहिले. काकांना नव्हता. अडीच-तीन वर्षांत काका तंबाखूच्या वखारीतला आपला सगळा वाटा घालवून बसले, आणि चिकोडीला जाऊन एका अडत दुकानात दिवाणजी झाले.

पण मामांचं म्हणणं आजही तेच. "गणित बरोबर हुतं गं. आण्णाप्पाची येळ वाईट हुती. मला नियम नसता न्हवं, तर बेळगावात बंगला असता आपला!" सासूबाई होत्या तोवर हा बंगला त्यांनी ऐकला. त्या गेल्यापासून मी ऐकते. आठवड्यातून चार वेळा.

आता सगळे जुने भाव कॉम्प्युटरात भरायचे आणि त्यालाच विचारायचं — तीन-पंधरा केलं असतं तर काय झालं असतं? मी म्हणते, विचाराच! तो बंगला एकदाचा उभा राहू दे, नाहीतर पडू दे.

९ नोव्हेंबर

सॉफ्टवेअरवाल्यांच्या हेल्पलाइनला फोन लावला. बाई हिंदीत बोलते, मीही माझी तोडकीमोडकी हिंदी फेकते. तिनं सांगितलं, हातानं काही भरू नका. बाजार बंद झाला की त्या दिवसाचे सगळे भाव एका फायलीत येतात, तिला भावकॉपी म्हणतात. जुन्या वर्षांच्याही मिळतात. उतरवा आणि डेटाबेसमध्ये ओता.

मला हायसं वाटलं. मामांना नाही. "नेटवरचं कुणी लिवलंय? तू बघितलैस त्याला? हे मी लिवलंय!"

तासभर वाद. शेवटी तोडगा निघाला. मामांच्या रजिस्टरात ज्या कंपन्या आहेत तेवढ्याच घ्यायच्या, भाव नेटवरून उतरवायचे, आणि प्रत्येक भाव रजिस्टराशी ताडून बघायचा. प्रत्येक! मला वेड लागायचंच बाकी आहे.

११ नोव्हेंबर

कंपन्या शोधण्यातच दोन दिवस गेले. रजिस्टरात खरी नावं नाहीतच. 'सांगलीचा पंपवाला'. 'लंगडं सिमेंट'. 'कुलकर्णीच्या जावयाची कंपनी'. या जावयाचा पत्ता लागेपर्यंत निम्मा दिवस गेला, आणि लागला तेव्हा कंपनीनं नाव बदललेलं होतं.

सॉफ्टवेअरमध्ये देशभरच्या कंपन्यांची मोठी यादी आधीच आहे. ती मामांनी चष्मा लावून वाचली. दारूवाले काढ. चामडंवाले काढ. कोंबडीवाले काढ. "घरात नकोत." घरात म्हणजे लॅपटॉपात! मी काढत गेले. मग हळूच विचारलं, "मामा, सिगरेटवाले?"

 हे घर, वीरेंद्रचं शिक्षण, माझ्या अंगावरचं मंगळसूत्र, सगळं तंबाखूचं. मामा पंख्याकडे बघून म्हणाले, "ते झाडाचं पान हाय. असू दे."

१४ नोव्हेंबर

चतुर्दशी. मामांचा उपवास. लॅपटॉपलाही उपवास, झाकण उघडू दिलं नाही.

१८ नोव्हेंबर

ताडून बघताना भानगड निघाली. रजिस्टरात दर महिन्याला दोन दिवस कोरे! आधी वाटलं पेपर आला नसेल. मग पंचांग काढलं. चतुर्दशी! वद्य, शुद्ध, सगळ्या. तीस वर्षांत पाचशेवर दिवस बाजार चालू होता आणि आमच्या घरी बंद होता.

"मामा, हे दिवस भरायला लागतील."

"बाजार कसा चालू ठेवत्यात चतुर्दशीला?" बाजाराचंच चुकलं!

शेवटी ठरलं, ते दिवस मी भरायचे आणि मामांनी बघायचे नाहीत. मी भरत असताना भिंतीकडे तोंड करून बसले होते. मधूनच विचारायचे, "वाढला का पडला?"

२२ नोव्हेंबर

आज खूप हसले. मग खूप रडावंसं वाटलं.

कंपनी एका शेअरचे दहा तुकडे करते तेव्हा हजाराचा भाव एका दिवसात शंभरावर येतो. कुणाचं नुकसान होत नाही, शेअरची संख्या दहापट होते. हे मला हेल्पलाइनवाल्या बाईनं सांगितलं. मामांना तीस वर्षांत कुणीच सांगितलं नव्हतं. जिथं जिथं असं झालं तिथं त्यांनी लाल शाईनं लिहिलंय — 'छापखान्याची चूक'. आणि शून्य वाढवून भाव दुरुस्त केलाय. एकदा नाही, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, रोज! पंपवाल्याला तर एकोणीस वर्षं रोज एक शून्य जास्तीचं दिलंय.

दोन पत्रंही सापडली. पेपरच्या संपादकांना लिहिलेली. 'आपल्या छपाईत पुन्हा तीच चूक आढळली.' पोस्टात टाकली नव्हती म्हणून वाचले ते संपादक.

आता प्रत्येक तुकडा शोधून मागचे सगळे भाव भागायचे. मामा बाजूला बसून म्हणतात, "मग छापखाना बरोबर हुता म्हण की." आवाज अगदी बारीक झाला होता. मी चहा केला.

२७ नोव्हेंबर

दिवस मावळायच्या आत जेवायचं आणि भावकॉपी पण तेव्हाच यायची! थंडीत सहालाच सूर्य जातो. एका हातात भाकरी, एका हातात माऊस. "फाइल आली काय?" "आधी जेवा." "आल्याबिगर घास उतरत न्हाय." वीरेंद्र दोघांकडे बघत कोशिंबीर खात असतात.

आज फाइल आली ती नव्या साच्यात. कॉलम इकडचे तिकडे. माझ्या लक्षात यायच्या आत भावाच्या जागी शेअरांची संख्या भरली गेली आणि लंगडं सिमेंट एका दिवसात दोन लाखांवर गेलं. मामांनी ताट सरकवलं आणि उभेच राहिले!

३ डिसेंबर

हेल्पलाइनवाल्या बाईला आज अकरावा फोन. मागे सारखी खडखड ऐकू येत होती. न राहवून विचारलं, "ये आवाज किस चीज का है?" ती म्हणाली, "घर में माग है, मॅडम." माग! मी म्हटलं, कुठल्या गावाच्या तुम्ही? तर वडगावची! बेळगावातलं वडगाव! रूपाली नाव. नवरा यंत्रमागावर, ही त्याच घरात बसून देशभरचे फोन घेते. महिनाभर आम्ही दोघी हिंदीत मरत होतो.

"आधी सांगायचं न्हाईसा व्हय आक्का?" म्हणाली.

१५ डिसेंबर

झालं! सव्वा महिन्याची मेहनत. डेटाबेस पूर्ण. रूपालीनं फोनवर सांगत सांगत तीन-पंधराचं गणित सॉफ्टवेअरला शिकवलं. १९९५ ला एक लाख घातले असते तर आज किती? मामांनी आधी णमोकार मंत्र म्हटला. मी बटण दाबलं.

एक कोटी बारा लाख.

मी तीनदा दाबलं. तीनदा तेच.  मामा उठून सासूबाईंच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले. "ऐकलंस न्हवं?" एवढंच म्हणाले.

खरं सांगायचं तर मलाही भरून आलं. बंगला होता! बावीस वर्षं मी मनातल्या मनात हसले त्या बंगल्याला.

१६ डिसेंबर

मामांनी सकाळी सहाला काकांना फोन केला. एवढ्या मोठ्यानं, की फोनची गरज नव्हती, चिकोडीला तसंच ऐकू गेलं असतं. "आण्णाप्पा! तुझं गणित बरोबर हुतं रं! मशीननं सांगितलं!"

पलीकडून काका काय म्हणाले ते कळलं नाही. फोन ठेवून मामा वळले, चेहरा लाल. "आण्णाप्पा म्हणतोय, मार्केट यार्डामागचा प्लॉट विकतो आन् तीन-पंधरात घालतो. ह्या खेपेला सोडत न्हाय म्हणतोय!"

 तो प्लॉट म्हणजे काका आणि जयाकाकूंचं सगळं काही. दोघं दोन खोल्यांत भाड्यानं राहतात, मूलबाळ नाही, काका एकाहत्तर वर्षांचे. वीरेंद्रला म्हटलं, अडवा. तर म्हणाले, "कॉम्प्युटर म्हणतोय तर काय अडवायचं?" कॉम्प्युटर नाही हो, मी म्हणतेय! मी भरलंय ते!

२० डिसेंबर

रूपालीला फोन केला, थोडा तोरा मिरवायला. आकडा सांगितला.  ती म्हणाली, "आक्का, बंद पडलेल्या कंपन्या घातल्याय न्हवं?"

कसल्या बंद पडलेल्या?

"तीस वर्षांत बुडाल्याच असतील की चार-दोन. नुसत्या टिकलेल्याच घेतल्या तर कुठलंबी गणित सोन्याचं दिसतंय."

तोरा उतरला. झोपही गेली.

२१ डिसेंबर

मोजल्या. मामा येता-जाता 'चाळीस कंपन्या' म्हणतात, आणि मीही मान डोलावत आले. डेटाबेसमध्ये एकोणतीस आहेत! मोजायचं कसं सुचलं नाही मला? कसली बीसीए!

१९९५ च्या रजिस्टराची अनुक्रमणिका — चाळीस. आत बघितलं तर चारनंतर एकदम सहा, आठनंतर अकरा. मधली पानं फाडलीयत. पट्टी लावून, नीट. पहिल्या चार रजिस्टरांत असंच. पुढच्यांत ती नावंच नाहीत.

मामांना विचारलं. "कंपन्याच बंद पडल्या. माणूस गेला की रेशनकार्डातनं नाव काढत्यातच की. मेल्याली नावं रोज कशाला लिवायची?" आणि पेपर तोंडासमोर धरला. वीरेंद्र म्हणतात, बरोबर आहे. रेशनकार्डाच्या हिशेबानं बरोबरच आहे! पण काका प्लॉट विकतायत त्याचं काय?

करार दोन जानेवारीला करायचा म्हणून काकांचा निरोप आलाय.

२४ डिसेंबर

अनुक्रमणिकेवरून अकरा नावं घेतली, जुन्या भावकॉपी उपसल्या, एकेकीचे भाव डेटाबेसमध्ये घातले. विचित्र वाटत होतं. या कंपन्या पडतच जातात. तीन दिवस, सहा दिवस, दहा दिवस. आणि तीन-पंधरा म्हणतं — घे, घे, घे. एक दिवस भाव येतच नाही. तिथं संपलं.

मामा देवळात गेलेले बघून बटण दाबलं.

एक लाखाचे एकोणीस हजार.

आता कुणाला तोंड दाखवू? नऊ दिवसांपूर्वी मीच बंगला बांधला, आता मीच पाडायचा. आणि भीती वाटते. या घरात माझं कधी कुणी ऐकलं नाही त्याचं मला फारसं काही वाटलं नव्हतं. पण हे ऐकलं नाही तर दोन म्हातारी माणसं रस्त्यावर येतील.

२६ डिसेंबर

सांगितलं. जेवायच्या आधी सांगायला नको होतं.

मामा भडकले. "बुडाल्यालं बाहेर काढून त्यात भरलंस आन् मला दावतीस व्हय? काढ ती नावं!" मी म्हटलं, "नाही काढणार. काकांचा म्हातारपणाचा आधार जाईल, मामा." आवाज चढलाच माझा. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

 सूर्य गेला, ताट तसंच राहिलं. आता सकाळपर्यंत पाण्याचा घोटही नाही. मी ताट उचलायला गेले तेव्हा मामा बोलायला लागले.

"त्या अकराच्या अकरा आण्णाप्पानं घेतलेल्या. सगळं गेल्यावर बी सकाळचा यायचा त्यो. हितंच बसायचा. रजिस्टर उघडायचा आन् त्या पानावर बोट ठिवून बघत ऱ्हायाचा. तासन् तास. जेव म्हटलं तर जेवायचा न्हाय. मग एक दिवस मी फाडली ती पानं. म्हटलं, दिसायला नकोत."

रेशनकार्ड वगैरे नंतर सुचलेलं.

"गणित बरोबर हुतं म्हणायला लागलो. त्याला बरं वाटायचं. म्हणून म्हणून मलाबी खरंच वाटाय लागलं बघ. आन् आता मशीनबी म्हणाली." डोळे पुसले. "त्यो पैसे घालत हुता तवा मी अडवायला पायजे हुतं. नियम माझ्यापुरता घेतला आन् गप बघत बसलो."

 मी जवळ बसले.

२८ डिसेंबर

चिकोडीला जाऊन आलो, मामा आणि मी. कर्नाटकात बायकांना बस फुकट, त्यामुळे आधार कार्ड दाखवून मी फुकट, मामांना तिकीट. "तीन-पंधरापरास हे गणित बरं हाय," म्हणाले. तेवढंच हसले, बाकी रस्ताभर रजिस्टर छातीशी.

जयाकाकूंनी पोहे केले होते. मामांनी पोह्यांना हातही न लावता सगळं सांगून टाकलं. अकरा कंपन्या. फाडलेली पानं. एकोणीस हजार. शेवटी म्हणाले, "आण्णाप्पा, गणित चूक हुतं रं. पयल्यापास्नंच. त्या येळंला अडवलं न्हाय तुला, आज अडवतोय. प्लॉट विकू नको."

 काकांनी पंच्याच्या टोकानं डोळे टिपले. "बरं," म्हणाले. "तू म्हणतोस तर न्हाय विकत."

मामांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला! पोहे संपवले, वर आणखी मागून घेतले. येताना बसमध्ये चारदा म्हणाले, "वाचला बघ प्लॉट." पाचव्यांदा कंडक्टरला सांगितलं. मीही खूश आहे, खोटं कशाला बोलू. माझ्या डेटाबेसनं कुणाचं तरी म्हातारपण वाचवलं.

१ जानेवारी २०२५

मामांनी नवं रजिस्टर घातलं. बत्तिसावं. चाळीसही नावं लिहिली. अकरांसमोर आडवी रेघ. बंगल्याचा विषय तीन दिवस निघालेला नाही, घर कसं ओकं ओकं वाटतंय.

३ जानेवारी

मामा देवळात असताना काकांचा फोन. मुद्दाम ती वेळ साधून केलेला.

"क्षमा, तुला म्हणून सांगतो. प्लॉट न्हाईच माझ्याकडं. दोन हजार अकरा सालीच विकला, जयाच्या ऑपरेशनला. आन् त्यानं पानं फाडली तेबी त्या येळंलाच बघितलंतं मी. त्यो गणित बरोबर म्हणायचा, मी व्हय म्हणायचो. त्याला बरं वाटायचं."

मग विकतो कशाला म्हणालात, काका?

"एवढ्या आनंदानं वरडत हुता गं. नुसतं बरं म्हणून कसा फोन ठिवू? तोंडाला आलं ते बोललो. मग करार कधी म्हणून इचाराय लागला, तवा तारीखबी ठोकून दिली."

फोन ठेवायच्या आधी म्हणाले,

"त्याला सांगू नको. एवढ्या वर्षांनी त्यानं माझं कायतरी वाचवलंय."